गोरखचिंचेचे कूळ

मुंबईच्या उपनगरांतील वृक्षांशी ज्याला ओळख करून घ्यावयाची असेल, त्याने प्रथम गोरखचिंचेपाशी जावे, असे मी नेहमी सुचवितो. अंधेरीस सीप्झच्या आवारात हिचे जुने वृक्ष आहेत. खाडीपलीकडे वसईच्या किल्ल्यातही आहेत. खोड इतके स्थूल, की चारपाच मुलांनी हात धरून कवेत घेऊ म्हटले तरी पुरे पडू नये. पाने गळून गेली म्हणजे हा वृक्ष कोणी मुळे वर करून जमिनीत उलटा रोविला आहे की काय, असा भास होतो. पावसाळ्याच्या तोंडाला त्याला पंज्यासारखी पाने फुटतात, आणि मग संध्याकाळी लांब देठांवर लोंबणारी पांढरी फुले उमलतात. रात्री वटवाघळे त्यांच्याकडे येतात. सकाळी फूल मलूल झालेले असते.

नाव मात्र फसवे आहे. गोरक्षनाथांनी या वृक्षाखाली शिष्यांना उपदेश केला, अशी आख्यायिका आहे, आणि फळातील गर चिंचेसारखा आंबट लागतो. म्हणून ही गोरखचिंच. चिंचेशी तिचे काडीचेही नाते नाही. मग नाते कोणाशी? जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला काटेसावरीबरोबर शाल्मली कुळात बसविले होते. भेंडी, कापूस व जास्वंद यांचे भेंडी कूळ निराळे. फालशाचे परूषक कूळ निराळे. आणि जिच्या पिळदार शेंगा बोरिवलीच्या रानात दिसतात, त्या मुरुडशेंगेचे मुचकुंद कूळ आणखी निराळे. फुले, पुंकेसर, फळे डोळ्यांनी पारखून केलेली ही वाटणी दीर्घकाळ चालली. विसाव्या शतकाच्या अखेरीस पानांतून डीएनए काढून शास्त्रज्ञांनी जनुकांचा मजकूर एकमेकांशी ताडून पाहिला, तेव्हा या चार घरांमधील भिंती टिकेनात. 1998 साली झालेल्या नव्या वर्गीकरणात चारही कुळे एकाच भेंडी कुळात सामावली गेली. आपल्या ताटातील भेंडी आणि अंधेरीचा तो अजस्र वृक्ष भाऊबंद आहेत, हे मी घरी सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसेना.

कूळ ठरले, पण ही परदेशी बाई येथे आली कशी? गोरखचिंचेच्या जगात 8 जाती आहेत. 6 मादागास्कर बेटावर, 1 ऑस्ट्रेलियात आणि 1 आफ्रिकेत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आठही जातींचे जनुकसंच वाचून या घराण्याचा उगम मादागास्करात झाला असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. आपल्याकडील वृक्ष आफ्रिकेच्या जातीचे. वसई 1739 साली चिमाजी अप्पांनी जिंकली, तोपर्यंत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता; तेव्हा त्यांनीच हे झाड आणले, असे आपण सर्रास सांगतो.

2015 साली काही संशोधकांनी आफ्रिका, भारत, मॉरिशसकडील बेटे आणि मलेशिया येथील गोरखचिंचांची तुलना केली. डीएनएमध्ये काही ठिकाणी एकच लहानसा अक्षरसमूह पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याच्या आवृत्तींची संख्या घराण्यागणिक बदलते. अशा 10 जागा त्यांनी तपासल्या. पश्चिम व मध्य भारतातील वृक्षांचा गट स्वतंत्र निघाला. त्याचे सर्वांत जवळचे आप्त मोंबासा ते दार-ए-सलाम या किनाऱ्यावरचे. आग्नेय भारतातील वृक्ष मात्र पश्चिम आफ्रिकेच्या गटाशी जुळले. शिवाय भारतीय वृक्षांत काही खुणा अशा आढळल्या, की ज्या आफ्रिकेतील नमुन्यांत नाहीत. म्हणजे बी एकदाच आले नाही. ते अनेकदा, आणि समजत होतो त्याहून दीर्घ काळात येत राहिले. प्रयागजवळच्या झुंशी येथील वृक्षाचे वय कार्बनच्या साहाय्याने 750 वर्षांहून अधिक ठरले आहे. वास्को द गामा तर 1498 साली आला! पोर्तुगीजांनी काही झाडे आणली असतील; सारे श्रेय त्यांना देणे मला तरी पटत नाही.

मग ते आणले कोणी? या फळाचे कवच कठीण असते आणि आतील गर पुष्कळ दिवस टिकतो. तारवावरील माणसाला ती आयतीच शिदोरी. अरब व्यापारी आले, खलाशी आले, हबशी शिपाई आले. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज याच समुद्रावरून आले. कितीएक माणसे दास म्हणून विकली जाऊन आली. त्यांची नावे कोणी दप्तरात टिपून ठेविली नाहीत. झांबेझीच्या परिसरात भिन्न गटांच्या गोरखचिंचा आज एकत्र आढळतात. तेथे अंतर्भागातून धरून आणलेल्या बंदिवानांच्या वाटेचे ते चिन्ह असावे, असे त्याच संशोधकांना वाटते.

2024 साली सांताक्रूझला रस्त्याकाठची एक जुनी गोरखचिंच मेट्रोच्या कामासाठी तोडण्यात आली. तिच्या जागी दुसरे रोप लावता येईल. परंतु नव्या रोपाच्या पानांत तिचा मजकूर नसेल. सीप्झमधील वृक्ष अद्याप उभे आहेत. ज्येष्ठ-आषाढात त्यांना नवी पालवी येते, आणि तपासणीसाठी त्यातले एखादे सुकविलेले पान पुरते.