आबांची सायकल आणि ओढ्याचा उतार



पेरणी उरकली, चार दिवस पावसाने उघडीप दिलीय, म्हणलं सायकलचं लिहून टाकावं. ही नोंद पिकाची नाही, पण शेतातलीच आहे.

आमचे आबा 71 वर्षांचे. मोटारसायकल कधी शिकले नाहीत, माझ्या मागं बसायलाही नाखूश. गावापासून शेत साडेतीन किलोमीटर, मध्ये ओढा, आणि ओढ्याला दोन्ही बाजूंनी चांगलाच उतार. त्या वाटेवर त्यांची 22 इंची काळी सायकल पस्तीस-छत्तीस वर्षं चालतेय. ज्वारी विकून घेतली होती म्हणतात.

गेल्या श्रावणात वरच्या तुकड्यावरच्या बोअरची मोटार जळाली. फवारणी तर अडलेली. मग पाणी घरनं न्यायचं ठरलं. 20 लिटरचा कॅन कॅरेजवर, वर रिकामा पंप. जुन्या ट्यूबने आवळून मीच बांधला. आबा म्हणले, "जास्त होतंय का रं?" मी म्हणलं, "काय होतंय, तीन किलोमीटर तर जायचंय." बारीक झिमझिम चालू होती. ओढ्याच्या उतारावर त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले, सायकल काही थांबली नाही. कठड्याला पुढचं चाक धडकलं, आबा डाव्या हातावर पडले. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

घरात सगळ्यांचं एकच, सायकल भंगारात घाला. मीही तेच म्हणत होतो, कारण ती दारात दिसली की मला तो कॅन दिसायचा.

आबा काहीच बोलले नाहीत. नुसते ओट्यावर बसून राहायचे.

पण त्या सहा आठवड्यांत आमच्या सोयाबीनमध्ये चक्रीभुंगा शिरला आणि मला कळलाच नाही. मी मोटारसायकलवर जातो, बांधावरनं नजर टाकतो, परत येतो. आबा सायकल बांधाला टेकवून तासातनं चालतात. एखादं पान सुकून लोंबताना दिसलं की देठ हातात धरून बघतात. मादी देठावर नाहीतर खोडावर दोन चकत्या पाडते, मधल्या जागेत अंडी घालते, वरचा भाग सुकतो. हे बांधावरनं दिसत नसतं. मला दिसलं तेव्हा अळी खोडात खाली उतरलेली. फवारणीला उशीर झाला होता. म्हणजे सायकल गेली तर आबांचा सकाळचा फेरा जातो, आणि फेरा गेला तर नुसते आबाच घरी बसत नाहीत, शेतावरची नजरही बसते. तेव्हा ठरवलं, सायकल दुरुस्त करायची, आणि नीट विचार करून करायची.

पुतण्याने कागद काढला. त्याच्या यादीत पहिलं नाव इलेक्ट्रिक किट. 250 वॅटची हबमधली मोटर, 36 व्होल्टची बॅटरी, खर्च 22 हजार. 250 वॅटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतली असली तर नोंदणी लागत नाही, हे त्याचं खरं आहे. पण मी म्हणलं, बाबा, जी सायकल थांबत नाही तिला पळवायला पैसे का घालायचे? वेग दुप्पट झाला तर थांबायला चौपट अंतर लागतं. किट यादीतनं गेलं. पुतण्या दोन दिवस फुगून होता.

मग ब्रेक. माझ्या डोक्यात होतं की पोरांच्या सायकलला असतात तसे पॉवर ब्रेक बसवू. तालुक्याच्या दुकानातल्या मिस्त्रीने समजावलं. आपल्या जुन्या सायकलच्या रिंगला बाजूने सपाट जागाच नाही, तिची कड गोल आहे. सळईचा ब्रेक आतल्या अंगाने, वर ओढून लागतो. बाजूने चिमटणारा ब्रेक त्या गोल कडेवरनं घसरणार. मग मी भंगारातनं 26 इंची सायकलचा चिमटा चाकासकट आणला, 300 रुपये देऊन. तो बसेना. आमच्या सायकलचा पुढचा नळा लांब, त्या चिमट्याची दांडी दीड इंच आखूड. वेल्डिंगने वाढवून देतो म्हणणारा एक भेटला, पण चिमट्याच्या दांडीवर जोड देऊन त्यावर म्हातारा माणूस बसवायचा नसतो. 300 रुपये पाण्यात. आणायच्या आधी टेप लावला असता तर वाचले असते.

शेवटी आहे तोच ब्रेक नीट करायचा ठरला. मिस्त्रीने चाक फिरवून दाखवलं. धडकेने पुढची रिंग वाकलेली होती, पण मागचीसुद्धा आऊट होती, आणि ती धडकेच्या आधीपासनं असणार. चाक डुलत असलं की रबर रिंगला लागू नये म्हणून आपण ते लांब ठेवतो. मग दांडा मुठीला टेकेपर्यंत दाबला तरी रबर नुसतं शिवतं. त्यात सळयांच्या सांध्यात ढिलाई. रबरं तर दगडासारखी कडक झालेली, नखाने दाबली तर खूण उठत नव्हती. तुमच्या सायकलचं रबर आज नखाने दाबून बघा.

पुढं नवी रिंग, नव्या 32 तारा. मागच्या चाकाच्या 40 तारा एकेक आवळून आऊट काढली. सांध्यांचे बोल्ट बदलले, चारही रबरं नवी मऊ घेतली. रिंगेच्या आतल्या बाजूचा तेलकट थर रॉकेलच्या फडक्याने पुसला. आपण चेनला तेल सोडतो तेव्हा ते उडून रिंगवर जातं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

आता फरक किती पडला हे मोजायचं होतं. सुदैवाने दुरुस्तीच्या आधी मी उतारावर एक चाचणी घेऊन ठेवली होती. त्या वेळी वाकलेली रिंग कशीबशी सरळ केली होती. ठरावीक दगडापासनं सायकल सोडायची, पायडल मारायचं नाही, खुणेवर आली की दोन्ही ब्रेक. मग पावलं मोजायची. कोरड्यात 8 पावलं, रिंगवर पाणी ओतून 22. दुरुस्तीनंतर त्याच उतारावर कोरड्यात 5, ओल्यात 13. मग कॅरेजवर 20 लिटरचा भरलेला कॅन बांधून ओल्यात परत बघितलं, 19 पावलं! म्हणजे नव्या ब्रेकवरसुद्धा कॅन बांधला की आपण जवळजवळ जुन्या ब्रेकवर येतो. स्टीलची रिंग ओली झाली की रबर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत नुसतं पाणीच पुसतं, धरतं नंतर. यावर इलाज एकच, पावसात उताराच्या आधीपासनंच ब्रेक हलका घासत ठेवायचा. आणि वजन कमी. त्या दिवसापासनं पाणी सायकलवर जात नाही. पाण्याचा 200 लिटरचा पिंप मी ट्रॅक्टरवाल्याकडनं वरच्या तुकड्यावर नेऊन ठेवलाय. हे मला श्रावणातही सुचायला हवं होतं.

दुसरा बदल चढासाठी. पुढं 44 दात्यांची चकती, मागं 18 चं फ्रायव्हील. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 5.4 मीटर जाते. आबांचे गुडघे दुखतात, चढावर उभं राहून मारायला लागतं. मागं 22 दात्यांचं टाकलं, आता एका फेऱ्याला 4.4 मीटर. सपाटीला पाय थोडे जास्त फिरतात, पण चढ बसून निघतो. 180 रुपयांत एवढा आराम दुसऱ्या कशात मिळाला नसता. फक्त चेन एक इंच कमी पडते, एक कडी वाढवावी लागते.

काळ्या रानाच्या लोकांसाठी एक बारकी गोष्ट. मडगार्ड आणि टायर यात बोटभर फट असली की चिखल ठासून चाक जाम होतं. आम्ही मडगार्डच्या तारा उचलून दोन बोटांची फट केली आणि पुढच्या मडगार्डचं शेवटचं टोक कापलं. रात्रीच्या लाइटला दारं धरायला जायचं तर डायनामो नको. तो 6 व्होल्ट 3 वॅटचा, सायकल थांबली की उजेड गेला, आणि नेमका बंधाऱ्यावर थांबल्यावर उजेड लागतो. चार्जिंगची बॅटरी हँडलला क्लिपने लावलीय, काढून हातात घेता येते. मागं लाल रिफ्लेक्टर.

चिमट्याचे 300 सोडून खर्च 1,570 रुपये झाला, नवं टायर आणि चेन धरून.

मोडलेलं पुढचं चाक टाकलं नाही. ठोकून जमेल तेवढं सरळ केलं, टायर काढला, आणि त्याचं सायकल कोळपं केलं. बैल दोन वर्षांपूर्वी विकलेत, तण काढायला बाया मिळत नाहीत. 18 इंचाच्या ओळीला 9 इंची पास ठेवलीय, पट्टीला चार भोकं पाडलीत म्हणजे पासेचा कल बदलता येतो. हरभऱ्यात चालवून बघितलं, वापशावर छान चालतं, ओलीत मात्र नुसती पास भरते. सोयाबीनमध्ये अजून दहा दिवसांनी घालणार, तेव्हा सांगतो.

पहिल्या दिवशी आबा सायकलवर निघाले तेव्हा मी म्हणलं, "ओढ्यापाशी उतरून चाला." ते "हो" म्हणले. मी लांबनं मागं गेलो. उतरले नाहीत. पण उताराच्या बरंच आधीपासनं रबर रिंगला घासल्याचा आवाज येत होता, आणि कॅरेजवर फक्त भाकरीचं फडकं होतं.