दार उघडण्यापुरती जागा

गेल्या दिवाळीत मी माहेरी, जबलपूरला गेले होते. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या भाभी फराळाचे ताट घेऊन आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या आईची कमाल आहे हं! गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही, पण दर गुरुवारी एकट्या ई-रिक्षात बसून गोलबाजारच्या दत्तमंदिरात जातात."

मी चकित झाले. कारण दादाची तक्रार नेमकी उलट होती. फोनवर त्याने मला कितीदा तरी सांगितले होते, "आई हल्ली कुठे यायलाच तयार नसते. सदरला चल म्हटलं तर नको, भेडाघाटला चल म्हटलं तर नको. लग्नकार्यालाही 'तुम्ही जाऊन या' म्हणते. आम्ही गाडीतून न्यायला तयार आहोत, पण तिचं मनच उडालंय."

आम्ही बहीणभावांनी फोनवरच निदानही करून टाकले होते. वय झाले, ऑपरेशनने थकवा आला, मन खचले. वहिनीने तर एका डॉक्टरांची वेळ घ्यायचेही ठरवले होते. आणि जिचे मन उडाले होते ती बाई दर गुरुवारी एकटीने गोलबाजार गाठत होती!

संध्याकाळी हे दादाच्या कानावर गेले, तेव्हा तो फार दुखावला. "दारात एवढी गाडी उभी असताना तू ई-रिक्षानं जातेस? मला एक हाक मारली असतीस तर मी आलो नसतो का?"

आई वाती वळत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "ई-रिक्षाला दार नसतं रे."

आम्हाला कुणालाच काही समजले नाही. आईनेही पुढे काही सांगितले नाही.

गाडी आत, माणूस अडकलेला

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दूध आणून परतला. मी व्हरांड्यात चहा पीत होते. त्याने गाडी पोर्चमध्ये घेतली, डावीकडच्या भिंतीला अगदी चिकटवून लावली, आरसे मिटले, उजवीकडचे दार अर्धवट उघडले आणि पोट आत ओढून, श्वास रोखून तो बाहेर निसटला. मला हसू आले. "रोजची कसरत आहे," तोही हसून म्हणाला.

मग माझे लक्ष गाडीच्या डाव्या बाजूकडे गेले. तिथे भिंत आणि दार यांच्यात हात घालायलाही जागा नव्हती. आणि आमच्या घरात डावीकडची पुढची जागा आईची आहे.

बाबा वेहिकल फॅक्टरीतून निवृत्त झाले. लष्करासाठी जोंगा गाड्या बनवणारी हीच ती फॅक्टरी. जोंगा या नावातला 'ज' आपल्या जबलपूरचा, हे बाबा आजही पाहुण्यांना ऐकवतात. कुठल्याही गोष्टीचे माप घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी विचारताच ते टेप घेऊन आले.

हे पोर्च त्यांनी १९९८ मध्ये बांधले, घरात पहिली मारुती ८०० आली तेव्हा. रुंदी आठ फूट, म्हणजे २ मीटर ४४ सेंटिमीटर. मारुती ८०० ची रुंदी होती साधारण १ मीटर ४४. म्हणजे बरोबर एक मीटर जागा मोकळी राही. तेव्हा गवंडी म्हणाला होता, "साहेब, एवढ्याशा गाडीला एवढी जागा?" बाबांनी त्याला सांगितले होते, "गाडीला नाही, उतरणाऱ्या माणसाला जागा हवी."

आताच्या गाडीची रुंदी भरली १ मीटर ७९. उरले ६५ सेंटिमीटर. गाडी मधोमध लावली तर दोन्हीकडे जेमतेम बत्तीस-बत्तीस. तेवढ्यात कुणीच उतरू शकत नाही, म्हणून दादा ती डावीकडे चिकटवत होता. त्याची सोय झाली होती. आईची झाली नव्हती.

"गंमत बघ," बाबा टेप गुंडाळत म्हणाले. "अँबेसेडरला आपण केवढी मोठी गाडी म्हणायचो! तिची रुंदी होती १ मीटर ६६. आजची छोटी म्हणवणारी गाडी तिच्यापेक्षा रुंद आहे."

यामागचे कारणही मजेशीर आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळू लागली. कंपन्यांनी लांबी चार मीटरच्या आत आणली. आमच्या गाडीची लांबी चार मीटरला फक्त पाच मिलिमीटर कमी आहे! पण रुंदीवर तसे बंधन नव्हते. आत बसणाऱ्याला ऐसपैस वाटावे म्हणून गाड्या आडव्या वाढत गेल्या. पोर्च, गल्ल्या आणि पार्किंगचे पट्टे मात्र होते तेवढेच राहिले.

सार्वजनिक पार्किंगमध्ये एका गाडीसाठी साधारण अडीच मीटर रुंदीचा पट्टा आखतात. दोन्ही गाड्या १ मीटर ७९ च्या असतील आणि अगदी मधोमध लावलेल्या असतील, तर त्यांच्यात ७१ सेंटिमीटर अंतर राहते. एवढ्या जागेत दार कसेबसे अर्धे उघडते. शेजारच्याने वीतभर सरकवून लावली की अर्धा मीटरही उरत नाही. धडधाकट तरुण तेवढ्यातून निघतो. ज्या बाईचा गुडघा पुरता वाकत नाही, जी लुगड्याच्या निऱ्या सांभाळते आणि जिच्या हातात काठी आहे, तिने काय करायचे?

त्या दिवशी काय झाले

दुपारी आई एकटी असताना मी तिच्याजवळ बसले. "आई, पोर्चमुळेच ना?"

"पोर्चचं काही नाही गं. घरचीच माणसं. फाटकाबाहेर उतरायला सांगता आलं असतं," ती म्हणाली. जरा वेळाने तिने सगळे सांगितले.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ती पहिल्यांदाच खरेदीला बाहेर पडली होती. नातीच्या बारशाची साडी घ्यायची होती. दुकानाला तळघरात पार्किंग होते. दादाने दोन गाड्यांच्या मधे सफाईने गाडी बसवली, स्वतः उतरला आणि फोन आला म्हणून चार पावले पुढे गेला. वहिनी मागच्या दारातून बाळाला घेऊन उतरली. आईने दार उघडले, एक पाय बाहेर ठेवला आणि ती तिथेच अडकली. दुसरा पाय वाकेना, शरीर वळेना. पदर सीटबेल्टच्या कडीत गुंतला. तोल सावरायला तिने दार धरले, ते सरकून शेजारच्या गाडीवर आपटले.

त्या गाडीचा मालक आतच बसला होता. तो उतरून ओरडू लागला, "उतरता येत नाही तर घरी बसावं माणसानं!" भोवती चार माणसे जमली. दादाने धावत येऊन त्याची समजूत काढली, चरा किरकोळ होता, प्रकरण मिटले. दादा ते विसरूनही गेला.

"मी नाही विसरले," आई म्हणाली. "एक पाय आत, एक पाय बाहेर, पदर ओढला गेलेला आणि सगळे बघताहेत. आपल्यामुळे मुलाला बोलून घ्यावं लागलं. तेव्हाच ठरवलं, आता गाडीत बसायचं नाही. ई-रिक्षा बरी. बाजूनं उतरलं की झालं. आम्ही नाही का पूर्वी सायकल-रिक्षानं बडा फुहाऱ्याला, अंधेरदेवला जायचो? दुकानासमोर उतरायचं. गाडी कुठे लावायची हा प्रश्नच नव्हता."

मला काही बोलता येईना. आम्ही तिच्या मनाला औषध शोधत होतो आणि तिला हवी होती दार उघडण्यापुरती जागा.

आधी माणसे, मग गाडी

दादाला हे सांगणे अवघड होते. तो ऐकून बराच वेळ गप्प बसला. मग एवढेच म्हणाला, "मी फोनवर होतो." त्या रात्री त्याने आणि बाबांनी मिळून घरासाठी काही नियम ठरवले. तुमच्याही घरात कुणी वडीलधारे, गरोदर लेकसून किंवा पायाने अधू माणूस असेल, तर तेही करून पाहा.

पहिला नियम म्हणजे आधी माणसे उतरवायची, मग गाडी लावायची. फाटकाबाहेर, दुकानासमोर, कार्यालयाच्या पायरीशी दोन मिनिटे थांबायचे. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्यायचा. निघतानाही गाडी आधी बाहेर काढायची, मग मंडळींना बसवायचे.

दुसरे, वडीलधाऱ्यांना डावीकडे बसवायचे, म्हणजे ते रहदारीच्या बाजूला उतरत नाहीत. चालकाने आपले दार डाव्या हाताने उघडावे. तसे केले की अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल किंवा स्कूटर दिसते.

तिसरे, उतरण्याची रीत. बसण्यापूर्वीच सीट पूर्ण मागे सरकवून ठेवावी. बसताना आधी सीटकडे पाठ करून टेकावे, मग दोन्ही पाय एकदमच आत घ्यावेत. उतरताना दोन्ही पाय एकदम बाहेर काढून जमिनीवर टेकवावेत, दुखरा पाय जरा पुढे ठेवावा आणि सीटवर हात रेटून उठावे. दाराला लोंबकळून उठू नये, कारण दार हलते. सीटवर प्लॅस्टिकची गुळगुळीत पिशवी अंथरली तर वळणे सोपे जाते, मात्र गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढून घ्यावी. आणि आपापल्या डॉक्टरांना किंवा व्यायाम शिकवणाऱ्यांना हे एकदा विचारून घ्यावे.

चौथा नियम वहिनीने सुचवला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सगळ्यांत शेवटच्या माणसाचे पाय जमिनीवर टेकल्याशिवाय कुणीही गाडीपासून दूर जायचे नाही. फोन आला तरी नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दादाने गाडी आधी रस्त्यावर काढली, डावीकडचे दार उघडून धरले आणि आईला हाक मारली. आई जरा घुटमळली. पदर कमरेला खोचून सावकाश बसली, दोन्ही पाय आत घेतले. आम्ही भेडाघाटला गेलो. धुवांधारपर्यंत चालणे तिला जमणारे नव्हते, म्हणून एका मोकळ्या जागी तिला उतरवून खुर्चीवर बसवले. गरम चहा पीत ती सगळ्यांशी बोलत होती. डॉक्टरांची वेळ घ्यायचा विषय पुन्हा निघाला नाही.

गुरुवारी आई अजूनही ई-रिक्षानेच दत्तमंदिरात जाते. रिक्षावाला ओळखीचा झाला आहे, तो देवळासमोर थांबून तिला हात देतो. पण परवा दादाचा फोन आला, तेव्हा तो हसत सांगत होता, "आईनं काल मला दम भरला. म्हणाली, सराफ्यात जायचंय, गाडी काढ. आणि हो, मला आधी उतरव, मग तुझी ती कसरत कर!"