ठेवणीतलं

मिरजेच्या आमच्या घरात कपड्यांच्या तीनच जाती होत्या. घरातले, बाहेरचे आणि ठेवणीतले. नवं कापड आलं की ते आधी ठेवणीत जायचं. दोन-तीन वर्षं सणासुदीला, लग्नामुंजीला मिरवून झालं की त्याची बाहेरच्यांत बदली. कॉलर विरली, रंग उतरला की घरातल्यांत. अण्णा रेल्वेत बुकिंग क्लार्क, त्यामुळे ‘बदली’ हा शब्द आमच्याकडे माणसांइतकाच कपड्यांनाही लागू होता. निवृत्तीनंतरही सुटका नसायची. आजीची मऊ सुती लुगडी वाकळेत जायची, अण्णांच्या धोतराच्या तुकड्यात श्रीखंडाचा चक्का टांगला जायचा आणि उरलंसुरलं बोहारणीच्या पाटीत. तिच्याशी तासभर हुज्जत घालून आई एखादं पातेलं मिळवायची आणि पुढे आठवडाभर येईल-जाईल त्याला ते दाखवायची.

परवा लेकीला एका लग्नाला जायचं होतं. मी तिची मोरपंखी साडी काढून ठेवली, तर म्हणाली, “ही नको गं आई, हिचे फोटो टाकून झालेत.” एकदाच नेसलेली साडी! बदली नाही, बढती नाही, थेट सक्तीची निवृत्ती. मी काही बोलले नाही. पण त्या रात्री पलंगाखालची लोखंडी ट्रंक डोळ्यांपुढून हलेना.

पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन पडलं की एका दुपारी आई ती ट्रंक उघडायची. झाकण वर होताच वेखंडाचा आणि वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास खोलीभर. डांबरगोळ्या सुती कपड्यांत चालायच्या, पण जरीच्या आसपास नाही. जर काळी पडते, असं तिचं ठाम मत. हात धुऊन, कोरडे करून ती बसायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली आजीची पैठणी मांडीवर घ्यायची. डाळिंबी रंगाची, नारळी काठाची. जर आत राहील अशी तिची उलटी घडी असे. ती मोडायची, साडी तासभर सावलीतल्या वाऱ्यावर टाकायची आणि मग दुसऱ्याच रेषेवर नवी घडी पाडायची. एकाच जागी वर्षानुवर्षं घडी राहिली की रेशीम तिथंच चिरतं. दरवर्षी ती पदर उलटा करून दाखवी. “बघ, मागून-पुढून सारखाच. एक धागा लोंबत नाही.” हातमागाच्या पैठणीची ही खूण मी दुकानदाराकडून नाही, त्या ट्रंकेपाशी शिकले.

ती पैठणी आमच्या घरात राहायची एवढंच, होती ती सगळ्या आळीची. कुणाच्या मुंजीत मातृभोजनाला, कुणाच्या लेकीच्या पाठवणीला ती जाऊन येई. परत येताना तिच्याबरोबर ओटीचा नारळ किंवा चार लाडू असत. आई हसतमुखाने ती घेऊन ठेवायची आणि शेजारीण जिना उतरून गेल्यावरच डाग पाहायला खिडकीशी जायची.

आम्हा भावंडांचं प्रकरण साधं होतं. दिवाळीआधी अण्णा एका ताग्यातून कापड आणायचे. त्यात दोन्ही भावांचे शर्ट, माझा फ्रॉक आणि उरलेल्यातून उशीचा अभ्रा. शिंप्याला एकच सूचना: वाढत्या अंगाचं शिवा, आत माया सोडा. शिवणीत जादा सोडलेल्या कापडाला ‘माया’ म्हणतात, याचं तेव्हा काही वाटलं नाही. दर वर्षी एक टीप उसवायची आणि फ्रॉक दोन बोटं मोठा व्हायचा. तिघं एका ओळीत उभे राहिलो की बँडपथक वाटायचो. मला त्याची इतकी लाज वाटे, की फोटोत मी मुद्दाम टोकाला उभी आहे. आता भाच्याच्या मुलाच्या बारशाला आई, बाप, बाळ आणि दोन्ही आज्या एकाच छापाच्या कापडात होते आणि त्यासाठी त्यांनी वेगळे पैसे मोजले होते. आमचं बँडपथक काळाच्या पुढे होतं म्हणायचं!

अण्णांकडे कोट एकच, लग्नात शिवलेला. पुढे टेरिलीन, टेरिकॉट आलं तेव्हा ते हरखून गेले. रात्री धुऊन टांगलेला शर्ट सकाळी तयार! तोवर कोळशाची इस्त्री, नाहीतर निखारे घातलेला तांब्या आणि दोन्हीला वेळ नसेल तर गादीखालची घडी. परळच्या गिरणीत कामाला असलेले मामा गणपतीला येताना कापडाचे तुकडे आणत. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्या पिशव्या कायमच्या थांबल्या. समारंभाला निघताना अण्णा स्वतःचं एकच तपासायचे: मोजे. “चपला-बूट दारात सुटतात. पंगतीत मांडी घातल्यावर माणसाची इभ्रत अंगठ्यापाशी असते.” आजही नवरा बाहेर निघाला की माझं लक्ष आधी त्याच्या मोज्यांकडे जातं.

तेव्हा ‘काय घालू?’ हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण पर्यायच नव्हते. पण ‘कुठे काय घालायचं’ याचं शास्त्र मात्र पक्कं होतं आणि ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. एरवी शुभकार्यात काळं चालायचं नाही, पण संक्रांतीला हटकून काळी चंद्रकळा. थंडीत काळा रंग ऊब धरतो आणि त्यावर नव्या सुनेचे पांढरेशुभ्र हलव्याचे दागिने उठून दिसतात. डोहाळजेवणाला हिरवं. हळदीला जुनी साडी, कारण हळदीचा डाग पुन्हा जात नाही. बारशाला जायचं तर मऊ सुती इरकल. जरीचा काठ बाळाच्या गालाला बोचतो, ब्रूच तर नकोच. आजाऱ्याला भेटायला जाताना गजरा नाही, अत्तर नाही. दुःखाच्या घरी फिकट, साधं आणि हातात वाजणारं काही नको. मोत्याचं सगळ्यात शेवटी घालायचं आणि सगळ्यात आधी उतरवायचं. अत्तराने, घामाने मोती मरतो. गळ्यात ठुशी असेल तर वर तन्मणी आणि मोहनमाळ लादायची नाही. “गळा आहे, सराफाची काचेची पेटी नाही,” असं आई म्हणे.

या सगळ्या नियमांच्या मुळाशी काय होतं, ते मला सतराव्या वर्षी कळलं. शेजारच्या ताईला बघायला पाहुणे येणार होते. पोहे न्यायला मदत म्हणून मला बोलावलं होतं. मी नवाकोरा खणाचा ब्लाउज, त्यावर आईची जांभळी साडी, केसांत अबोली अशी नटून उंबऱ्याशी पोचले. आईने वर-खाली पाहिलं. रागावली नाही, आवाज चढवला नाही.

“कुणाला बघायला येतायत आज?”

“ताईला.”

“मग? जा, बदलून ये.”

मी फुरंगटून बाहेरच्यांतली बदामी साडी नेसले. ताईच्या हातात पोह्यांचं तबक आणि मागे पाण्याचे पेले घेऊन मी. संध्याकाळी ताईची आई येऊन माझ्या आईचा हात धरून नुसती उभी राहिली. तेव्हा मला अर्थ लागला. आपण आरशासमोर उभे असतो, पण कपडे निवडताना आरशात आपल्याबरोबर यजमानही दिसायला हवा. कार्य कुणाचं आणि आपण त्यांचे कोण, हे आधी ठरवायचं. रंग, काठ, दागिना मग आपोआप ठरतो.

हे सांगताना ‘आमच्या वेळी सगळं कसं छान होतं’ असा सूर लागतो आणि मग मला आत्या आठवते. विसाव्या वर्षी विधवा झालेली. आळीतल्या प्रत्येक नवरीला नऊवारी तीच नेसवायची. काष्टा असा चापूनचोपून की नवरी पळाली तरी सुटू नये. स्वतः मात्र जन्मभर राखी, फिकट, बिनकाठाच्या साड्यांत. हळदीकुंकवाला बायका दिवाणखान्यात आणि ती मागे ओट्यापाशी, डाळ-पन्हं करत. तिला काय शोभतं, हे कुणी विचारलं नाही; तिला काय शोभत नाही, ते सगळ्यांना तोंडपाठ होतं. ज्या शास्त्राने मला ताईसाठी साडी बदलायला शिकवलं, त्याच शास्त्राने आत्याच्या अंगावरचा रंग काढून घेतला. नातीच्या लग्नात, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, माझ्या लेकीने तिला जबरदस्तीने जांभळी सिल्क नेसवली आणि कानात मोत्याच्या कुड्या घातल्या. ती दिवसभर पदर चाचपत होती. रात्री म्हणाली, “अगं, जड नाही काही वाटत.” ‘आज’च्या बाजूने मला एवढी एक साक्ष पुरते.

आणि आजकडेही पुष्कळ आहे. या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र टाइम्सने नवरात्राचे नऊ रंग छापायला सुरुवात केली आणि बघता बघता लोकलचा बायकांचा डबा सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल होऊ लागला. शास्त्राधार शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पण भाजीवाली आणि बँकेतली अधिकारी एका रंगात एकमेकींकडे बघून हसतात, हे मी पाहिलंय. 2004 पासून टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ कार्यक्रमाने पैठणी घराघरांत पोचवली. 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात ‘सेमी पैठणी’चाच सुळसुळाट आहे. घ्यायला हरकत नाही, सेमीच्या किमतीत घ्यावी. त्याआधी पदर उलटा करावा.

नऊवारी आता शिवून मिळते, दोन मिनिटांत पायात चढवायची. आत्याने पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता, पण ढोलताशाच्या पथकात तीन तास नाचणाऱ्या पोरींना तीच बरी. नथ चापाची झाली. नाक न टोचता लग्नापुरती लावता येते. 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाखाली 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली, तेव्हा कितीतरी घरांनी आजीचे दागिने न मोडता जसेच्या तसे सुनेला घातले. 2025 मध्ये दहा ग्रॅम सोनं लाखावर गेलं आणि एक ग्रॅमच्या, चांदीच्या दागिन्यांना दिवस आले. अडचणीतून वाट काढायची बायकांची जुनीच रीत. आमच्या भागाच्या कोल्हापुरीला 2019 मध्ये मानांकन मिळालं आणि 2025 मध्ये तशीच चप्पल मिलानच्या फॅशन शोमध्ये चालली, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही न घेता. आम्ही लहानपणी नवी कोल्हापुरी चावू नये म्हणून रात्री तेल चोपडून ठेवायचो. तिच्या करकर आवाजावरून कोण आलं ते ओळखू यायचं.

खटकतं ते एवढंच, की हल्लीच्या पत्रिकेबरोबर मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, संगीताला ‘पेस्टल’ अशी यादी येते. अशा यादीने माणसं छायाचित्रात जुळतात. पण यजमानीणबाईंनी स्वतः काय नेसायचं ठरवलंय, हे विचारायला कुणी फोन करत नाही. आमच्याकडे पत्रिका आली की आई निरोप धाडायची, “वरमाय कुठला रंग नेसणार गं?” तो रंग टाळायचा, हा शिष्टाचार.

लेक मला सल्ला विचारते तेव्हा मी हे पाल्हाळ लावत नाही. थोडक्यात सांगते. एक साडी तरी ठेवणीतली असू दे. तिच्यावर दहा कार्यांचे फोटो असले तरी चालतील, आजीच्या पैठणीवर तर साऱ्या आळीचे होते. शिवताना आत माया सोड. मुलाखतीला नवं कोरं घालू नकोस, एकदा घरात वावरून बघ. खांदा ओढला तर बोलण्यातही ओढ येते. ती “हो गं” म्हणते आणि फोनवर कार्टात काहीतरी टाकते. ऐकलं की नाही, कळत नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्या मैत्रिणीचे यजमान गेले. लेक ऑफिसातून परस्पर तिथे येऊन मला खाली भेटली. लाल कुर्ता, ओढणीवर आरसे, कानात खांद्याला टेकतील असे झुमके, हातात डझनभर चांदीच्या बांगड्या. मी काही बोलले नाही. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. पर्स उघडली. झुमके काढले, एकेक बांगडी उतरवली आणि वाजू नये म्हणून रुमालात बांधून आत ठेवली. ओढणी उलटी करून घेतली, आरसे आत गेले. ओठ पुसले.

“चल,” म्हणाली.

वर दार उघडंच होतं, बाहेर चपलांची रांग लागली होती. आम्ही त्यांत आमच्या सोडल्या आणि आत गेलो.