मिरचीला शिव्या देण्याआधी खर्ऱ्याकडं पाहा

पोस्ट जरा लांब आहे, पण कळमन्यातल्या आणि आजूबाजूच्या वस्तीतल्या लोकांनी वाचावी म्हणूनच लिहितोय.

आपल्या मार्केट यार्डात कोणाला पोटाचा नाहीतर गळ्याखालचा कॅन्सर निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मिरचीत जिंदगी गेली ना भाऊ, दुसरं काय होणार." मिरचीचा लिलाव चालू असताना शेडमध्ये दोन मिनिटं उभं राहिलं तरी ठसका लागतो, त्यामुळं मिरचीवर आळ घेणं सोपं आहे. पण तेच बोलणारा माणूस बोलता बोलता गालात खर्रा सरकवत असतो. दिवसाचे पाच-सहा पुडे ही इथं फार मोठी गोष्ट समजत नाहीत.

खर्रा म्हणजे काय हे नागपूरच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना, पन्नीत घालून घोटलेला. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि पानठेल्यावर घोटण्याचा आवाज सकाळी सहापासून चालू आहे. आपण तोंडाच्या कॅन्सरबद्दल ऐकलंय, पाकिटावरचे फोटोही पाहिलेत. पण तो रस जातो कुठं? यार्डात पोतं पाठीवर असताना दर वेळी थुंकायला जमत नाही, अर्धाअधिक गिळलाच जातो. म्हणजे तोंडाला जे लागतं तेच खाली अन्ननलिकेलाही लागतं. वरून रोजची दारू असली तर धोका नुसता वाढत नाही, दोन्ही एकमेकांना जोर देतात.

"माझ्या खर्ऱ्यात तंबाखू नाही, नुसती सुपारी" म्हणणारेही भरपूर आहेत, बायांमध्ये तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 मध्येच नुसत्या सुपारीला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तंबाखू आणि दारूही त्याच गटात. सुपारी साधी असो की महागडी, यात फरक नाही. (सडक्या सुपारीवरच्या धाडींच्या बातम्या आपण वाचतोच, पण चांगली सुपारी म्हणजे निर्धोक सुपारी असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.)

आता मिरचीचं. मिरचीनं जळजळ होते, अ‍ॅसिडिटीवाल्याला त्रास होतो, हे खरं. पण ओली राहून बुरशी लागलेली मिरची, जिला बाजारात फटकी म्हणतात, ती वेगळी गोष्ट आहे. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते लिव्हरच्या कॅन्सरचं कारण आहे आणि घरच्या शिजवण्यानं ते जात नाही. शेंगदाणा आणि मक्यालाही हेच लागू. ज्याच्या अंगात हिपॅटायटिस बी आहे त्याला धोका आणखी जास्त. म्हणून स्वस्तातलं, रंग उडालेलं तिखट घेताना विचार करा. या बाबतीत दोष मिरचीचा नाही, साठवणुकीचा आहे.

पोटाचंही तसंच. जठराच्या कॅन्सरमागं बरेचदा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. आधी सगळे म्हणायचे अल्सर टेन्शननं आणि तिखटानं होतो. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी चक्क तो जंतू स्वतः पिऊन दाखवला. पुढं 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. हा जंतू गोळ्यांच्या कोर्सनं जातो. पण त्यासाठी आधी तपासावं लागतं, आणि आपण काय करतो? मेडिकल स्टोअरमधून अ‍ॅसिडिटीची गोळी आणतो, सहा सहा महिने.

माझ्या ओळखीचे एक हमालकाका होते. आधी पोळी अडकायची, तर वरणात कुस्करून खाऊ लागले. मग नुसता भात. मग वरणाचं पाणी. आम्ही सगळे रोज पाहत होतो, "काका, बारीक झाले" म्हणत होतो. एका दवाखान्यात गॅस सांगितला, दुसऱ्यात कमजोरीचं सलाईन लावलं. दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा आजार नळीच्या बाहेर पसरलेला होता. नंतर डॉक्टरांकडून कळलं की अन्ननलिका लवचिक असते, अर्धीअधिक बुजेपर्यंत माणसाला घास अडकल्याचं नीट जाणवतच नाही. म्हणजे पोळी अडकली तोच दिवस उशिराचा असतो. त्यानंतर आठवडाही घालवायचा नसतो, काकांचे चार महिने गेले.

म्हणून गिळताना अडकत असेल तर थेट दुर्बिणीची तपासणी मागा. डांबरासारखी काळी शी होत असेल तर दाखवा (लोहाच्या गोळीनंही काळी होते, ते डॉक्टरला सांगा). पोट न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली आणि वजन उतरतंय, तर झाडपाल्यात दिवस घालवू नका, पित्तनळी किंवा स्वादुपिंडाची गाठ असू शकते. आणि शीतून रक्त आलं की "बवासीर आहे" हे आपणच ठरवू नका. बवासीर असतेही बहुतेकदा. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सर असाच लपतो, आणि तो आधी छोट्या कोंबासारखा असतो, कॅन्सर व्हायला वर्षं घेतो. वेळेत सापडला तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. डॉक्टर बोटानं तपासतो म्हणाले तर लाजून पळू नका भाऊ, दोन मिनिटांचं काम आहे.

नागपुरात सोयी नाहीत असं म्हणता येणार नाही. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत पोटाच्या आजारांचा वेगळा विभाग आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा फुले योजनेत 5 लाखांपर्यंत उपचार होतात. अडतं ते त्याच्या आधी. कळमन्याहून ही सगळी ठिकाणं शहराच्या दुसऱ्या बाजूला, एक दिवस नंबर लावण्यात, एक तपासणीत, एक रिपोर्टमध्ये. पोत्यावर मजुरी घेणाऱ्याचे तीन रोज बुडतात, तेही सीझनमध्ये. सरकारच्या तपासणी मोहिमेत तिशीच्या वर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहतात, गळ्याखालचं कोणी विचारत नाही.

सगळ्यांना दुर्बीण घाला असं माझं म्हणणं नाही, ते शक्यही नाही. बाजार समितीनं महिन्यातून एक दिवस यार्डातच डॉक्टर बसवावा. तोंड पाहायचं, वजन घ्यायचं, घास अडकतो का आणि शीतून रक्त जातं का एवढं विचारायचं, आणि ज्याचं उत्तर हो असेल त्याला तारीख लिहिलेली चिठ्ठी द्यायची, म्हणजे तिथं गेल्यावर त्याचा पूर्ण दिवस खिडकीपुढं जाणार नाही. अर्ज लिहून झाला आहे. हमाल, मापारी, अडते, भाजीवाल्या बाया, सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. ज्यांना अंगठा द्यायचा असेल त्यांच्यासाठी शाईचा पॅडही आणला आहे.