चाकणच्या वाटेवर दोन कॅमेरे

प्राध्यापकाच्या घरात ‘थकबाकी’ या शब्दाइतका मंगल शब्द दुसरा नाही. वेतनाची थकबाकी हाती येणार अशी नुसती कुणकुण लागली, तरी घरातल्या प्रत्येकाच्या मनात तिची वाटणी होऊन गेलेली असते. आमच्याकडेही तसेच झाले. सौभाग्यवतींच्या मनात स्वयंपाकघराचा ओटा होता, मुलीच्या मनात सहल होती आणि माझ्या मनात, वीस वर्षे दाबून ठेवलेला, एक चांगला कॅमेरा होता. आश्चर्य असे की, या खटल्याचा निकाल माझ्या बाजूने लागला. “घ्या एकदाचा,” सौभाग्यवती म्हणाल्या, “पण कपाटात ठेवायला घेऊ नका.”

मोठ्या उत्साहाने मी पुण्याला दुकानात गेलो. दुकानातल्या तरुणाने पहिलाच प्रश्न विचारला, “सर, रेझोल्युशन हवं की स्पीड?”

“दोन्ही,” मी म्हणालो. तो हसला. त्या हसण्याचा अर्थ किंमत ऐकल्यावर कळला. ५० मेगापिक्सेल आणि सेकंदाला ३० चित्रे, असा दोन्ही घरचा पाहुणा सोनीने २०२१ साली आणलेला आहे; निकॉनचा त्याच वर्षीचा झेड ९ त्याच पंगतीतला. पण त्या पंगतीत बसण्याची माझ्या थकबाकीची पात्रता नव्हती. तेव्हा एकच काहीतरी निवडणे प्राप्त होते.

हे नवे कॅमेरे बिनआरशाचे. जुन्या मोठ्या कॅमेऱ्याच्या पोटात एक आरसा असे. भिंगातून आलेला उजेड तो वर डोळ्याकडे पाठवी आणि चित्र घेताना खट्‌कन बाजूला होई. २००८ साली पॅनासॉनिकने जी १ हा कॅमेरा आणला, त्यात हा आरसाच नव्हता. उजेड सरळ आतल्या चिपवर पडतो आणि तिला दिसते तेच आपल्याला पडद्यावर दिसते. ही चिप म्हणजे उजेड मोजणाऱ्या लक्षावधी बारीक बिंदूंची चौकट. दहा लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल.

सगळी गोम इथे आहे. माझ्या धंद्यातला दाखला देतो. ६१ प्रश्नांची उत्तरपत्रिका तपासायला २४ प्रश्नांच्या उत्तरपत्रिकेपेक्षा वेळ लागणारच. सोनीच्या २०१९ सालच्या ए७आर ४ या कॅमेऱ्यात ६१ मेगापिक्सेल आहेत. तो सेकंदाला १० चित्रे घेतो. त्याच घराण्यातल्या २०१७ सालच्या ए९ मध्ये २४ मेगापिक्सेल आहेत; तो सेकंदाला २० घेतो. शिवाय ए९ च्या चिपच्या पाठीलाच स्मृतीचा एक थर चिकटवलेला आहे. परीक्षकाच्या शेजारी गुणांची बेरीज करणारा मदतनीस बसवावा, तशातला प्रकार. त्यामुळे त्याची तपासणी कितीतरी पटीने लवकर उरकते.

दुकानदाराने शहाणपणाचा सल्ला दिला : “एक दिवस दोन्ही भाड्याने न्या. मग ठरवा.” २०२५ च्या चैत्रात मामांच्या गावची यात्रा होती. मी तोच दिवस धरला.

मामांचे गाव चाकणच्या पलीकडे, खेड तालुक्यात. तिथे जाण्याला आणखीही एक कारण होते. मामांचा जुना वाडा पावसाळ्यापूर्वी पाडायचा ठरला होता. त्या जागी मामेभाऊ खोल्या बांधणार होता. कारखान्यातल्या कामगारांना भाड्याने देण्यासाठी. त्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. वाडा गळत होता आणि खोल्यांचे भाडे दरमहा येते. पण माझे लहानपणीचे सारे मे महिने त्या वाड्यात गेलेले. तो नीट टिपून ठेवावा, एवढेच मनात होते.

पहाटे चिंचवडहून निघालो. प्रथम पवनाकाठी मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापाशी थांबलो. नदीवर अजून धूसर होते. तिकाटण्यावर ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा चढवून मी मंदिराचे एक चित्र घेतले आणि पडद्यावर मोठे करून पाहिले. दगडांचे सांधे दिसले, सांध्यांतले शेवाळ दिसले. मग तिकाटण्यावरून काढून हातात धरून दुसरे घेतले, तेव्हा माझ्या हाताचा कंपही तितक्याच इमानाने दिसला! बारीक पाहणाऱ्याचा हा स्वभावच असतो. तो आपलेही दोष लपवीत नाही.

चाफेकर चौक ओलांडून नाशिक रस्त्याला लागलो. भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल. या पट्ट्याने बदलावे तरी किती! १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि भाताची-बाजरीची गावे कारखान्यांची झाली. १९८२ साली इथे महानगरपालिका झाली तेव्हा मी पाळण्यात होतो. माझ्या लहानपणी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार आणि एस. टी.ची धूळ. पुढे १९९९ साली बजाजचा कारखाना तिथे आला, २००९ साली फोक्सवॅगनचा.

गाडीच्या खिडकीतून मी पुन्हा तोच ६१ मेगापिक्सेलवाला काढला आणि आवाज न करणाऱ्या पद्धतीने एक चित्र घेतले. पाहतो तो रस्त्याकडेचे सारे खांब एका बाजूला कललेले! चिप वरून खाली ओळीओळीने वाचली जाते. वाचन संपेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. ए९ ने तेच चित्र घेतले, तर खांब ताठ उभे. वेगवान कॅमेऱ्याला मी मनात पहिला गुण दिला. परंतु चाकणच्या तळेगाव चौकात आम्ही असे अडकलो, की तिथे सेकंदाला वीस चित्रे घेतली असती तरी वीसही सारखीच आली असती. आमच्या पुढे नव्या कोऱ्या मोटारींनी लादलेला एक लांबलचक ट्रेलर होता. वेगासाठी जन्मलेल्या त्या मोटारी आमच्याइतक्याच निमूट उभ्या होत्या.

चाकणला आलो तसा संग्रामदुर्गाकडे वळलो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने हा भुईकोट शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी बुरुजाखाली सुरुंग उडवावा लागला. आज तटाचे थोडे अवशेष उरले आहेत आणि घरे त्यांना खेटून आली आहेत. मी तटाची चार चित्रे घेतली आणि पुढे निघालो.

दुपारी मामांच्या गावच्या घाटावर पोचलो. आमच्या बाजूला शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या धावेला बारी. मैदान माणसांनी फुललेले, भंडाऱ्याने पिवळे झालेले. मामेभावाचा मुलगा कॉलेजात आहे. त्याने दोन्ही कॅमेरे हातात तोलून पाहिले आणि ए९ उचलला. “काका, बारी बारा सेकंदांची असते. तुमचा मोठावाला पुरणार नाही.”

त्याचे म्हणणे खरे होते. ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा सलग चित्रे घेऊ लागला, की सात सेकंदांच्या आसपास त्याचे पोट भरते आणि तो अडखळतो. ए९ मात्र सेकंदाला वीस या हिशेबाने सुमारे बारा सेकंद न थांबता घेतो. जणू खेड तालुक्यातल्या घाटासाठीच बनवला असावा!

निशाण पडले. धुळीचा एक लोट आमच्या पुढून गेला आणि आरोळ्या विरायच्या आत बारी संपली. मामांच्या गाड्याला लागले ११.९२ सेकंद. बाराच्या आत येण्याचे त्यांचे जन्माचे स्वप्न होते.

संध्याकाळी ओसरीवर आम्ही ती दोनशे-सव्वादोनशे चित्रे एकामागून एक पाहिली. धावत्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, या वादाचा निकाल मायब्रिजने १८७८ साली अमेरिकेत रांगेने कॅमेरे मांडून लावला होता. इथे एका लहान पोराने हातातल्या डबीने तेच केले होते. एका चित्रात सर्जा बैल पुरता अधांतरी होता. सगळे वाहवा करीत होते. मामा मात्र गप्प होते.

“मागं जा,” ते म्हणाले. “आणखी मागं. थांब. ह्याचा उजवा मागचा पाय बघ. टेकताना वळतोय.”

आम्हाला काही दिसेना. त्यांनी पाच चित्रांत तोच पाय दाखवला, आणि मग आम्हालाही दिसला. “डोळ्याला कळलं नव्हतं रे,” मामा म्हणाले. “पुढच्या जत्रंला ह्याला जुंपायचा न्हाई.” दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी पाय तपासला, तेव्हा खुराच्या वर सूज निघाली. वेगवान कॅमेऱ्याने त्या दिवशी एका बैलाचा पाय वाचवला. हे त्याचे श्रेय मी कधीही नाकारणार नाही.

मग मामा उठले. चुलीतला कोळसा घेऊन माजघरात गेले आणि भिंतीवर लिहिले : २०२५ — ११.९२.

त्या भिंतीचे एक सांगायचे राहिले. माजघराच्या चुन्याच्या भिंतीवर मामा दरवर्षीच्या बारीचे सेकंद कोळशाने लिहीत. दर दिवाळीला वाड्याला रंग लागे, पण दोन हात रुंदीची तेवढी चौकट सोडून. २०१४ च्या आकड्याखाली मोठी कोरी जागा होती. त्या वर्षीच्या ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. पुन्हा परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ ला, आणि २०२३ साली घटनापीठाने ती कायम केली. म्हणून कोऱ्या जागेनंतर एकदम २०२२.

“मामा, महिन्याभराने भिंत पडणार. तिच्यावर कशाला लिहिता?”

“तवर हाय न्हवं,” ते म्हणाले.

माजघरात अंधार होता. तिकाटणे लावून, श्वास रोखून मी ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने त्या चौकटीचे चित्र घेतले. दोन सेकंद पडदा उघडा ठेवावा लागला. वाड्याच्या तुळया, दारे, उखळ, देवळी यांचीही घेतली. रात्री परत निघालो तेव्हा माझे मत जवळजवळ ठरले होते : वेगवान घ्यावा. चित्रे जिवंत येतात, मुलगी खेळताना टिपता येईल, बैलाचा पायसुद्धा वाचतो. आणि छपाईचा हिशेब केला तर या दिवाळी अंकाचे एक पान भरायला ८० लाख बिंदू पुष्कळ होतात. मग ६१ मेगापिक्सेलचे करायचे काय?

घरी आल्यावर चित्रे संगणकावर घातली. माजघरातल्या भिंतीचे चित्र मोठे करीत गेलो. प्रत्येक आकड्याच्या शेजारी एक फिकट तांबूस ठिपका होता. प्रत्यक्षात मला तो कधी दिसला नव्हता. आकडे वाचणाऱ्याची नजर आकड्यांवरच असते. मी आणखी मोठे केले. ते कुंकू होते. शर्यतीला निघण्यापूर्वी बैलांना कुंकू लावून मामी बोट भिंतीला टेकवीत असणार.

मग मी कोऱ्या जागेकडे वळलो. ती कोरी नव्हती. २०१४ आणि २०२२ यांच्या मध्ये एकाखाली एक सात ठिपके होते. बंदीच्या सात वर्षांत बैल दावणीलाच होते, मामांना लिहायला काही नव्हते. पण मामींनी दर चैत्रात त्यांना कुंकू लावले होते आणि कोणाला न सांगता बोट टेकवले होते. शेवटचा ठिपका २०२३ चा. त्याच पावसाळ्यात मामी गेली. २०२४ पुढे आणि परवाच्या ११.९२ पुढे भिंत पांढरी होती. शेवटच्या ठिपक्यात तिच्या बोटाच्या रेषा मोजता येत होत्या. ठिपके दुसऱ्याही कॅमेऱ्याने दाखवले असते. रेषा इतक्या स्वच्छ दाखवल्या असत्या असे वाटत नाही.

त्या रात्री माझा निर्णय बदलला. मी समजत होतो की पळणाऱ्या वस्तूंसाठी वेगवान कॅमेरा हवा आणि उभ्या वस्तू काय, केव्हाही टिपता येतील. चाकणच्या वाटेवर हे खोटे ठरते. बैल पुढच्या चैत्रातही पळतील, पाळी बदलताना कारखान्यांच्या बसगाड्या रोज धावतील. निघून चालले आहे ते उभे असलेलेच : भिंत, तट, शेताचा बांध, ओसरी. पळणाऱ्याला दुसरी बारी असते, उभ्याला नसते.

हा माझ्यापुरता न्याय झाला. ज्यांच्या घरी मुले मैदानावर खेळतात, ज्यांना पक्ष्यांचा किंवा शर्यतींचा नाद आहे, त्यांनी डोळे मिटून वेगवान घ्यावा. २४ मेगापिक्सेलमध्ये दीड फुटाचे चित्र उत्तम छापून येते. ज्यांना वास्तू, पोथ्या, जुनी कागदपत्रे टिपायची आहेत, त्यांनी बारीक पाहणारा घ्यावा. पण मग चांगल्या भिंगासाठी, तिकाटण्यासाठी आणि जड चित्रे साठवण्यासाठी पैसे राखून ठेवावेत. दोघांनीही आधी एक दिवस भाड्याने आणावा. मी ए७आर ४ घेतला, तोही वापरलेला. ओट्यासाठी थोडे पैसे उरले, त्यामुळे घरात शांतता आहे.

वाडा मे महिन्यात पडला. भिंतीचे चित्र मी अडीच फूट रुंद छापून चौकटीत बसवले आणि दिवाळीपूर्वी मामांच्या नव्या खोलीत नेऊन लावले. मामांनी चष्मा पुसून पाहिले. त्यांना ठिपके सांगावे लागले नाहीत. काचेवरून बोट एकेका ठिपक्यावर नेत ते सातही मोजत खाली आले आणि शेवटच्या ठिपक्यावर थांबले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग त्यांनी विचारले, “मास्तर, पुढच्या सालचा आकडा कुठं लिहायचा?”

चौकटीखालची नव्या भिंतीची जागा मी त्यांना दाखवली.