निवड हलक्या लॅपटॉपची : मढमधील एक अनुभव

कामकाजासाठीचा हलका लॅपटॉप म्हणजे साधारण १३ ते १४ इंची पडद्याचा, दीड किलोच्या आतला आणि दिवसभर फिरतीवर वापरता येईल असा संगणक. १९८१ साली आलेला ‘ऑस्बॉर्न १’ हा उचलून नेण्याजोगा संगणक सुमारे ११ किलोंचा होता. २००८ सालचा पहिला मॅकबुक एअर आणि २०१२ सालचा पहिला थिंकपॅड एक्स१ कार्बन सव्वा ते दीड किलोंच्या दरम्यान आले. आज एक किलोच्या आतली यंत्रेही मिळतात. हलका लॅपटॉप आता दुर्मीळ राहिलेला नाही. अनेक हलक्या लॅपटॉपांतून आपल्या कामाचा नेमका कोणता, हेच ठरवावे लागते. मढला राहून मुंबईभर आणि कोकणात कामासाठी फिरणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या अनुभवानुसार, हे ठरवताना आधी आपली रोजची वाट पाहावी आणि मग कंपनीचे माहितीपत्रक उघडावे.

मढहून बाहेर पडायला दोन वाटा आहेत. एक रस्त्याची : एरंगळ, अक्सा, मार्वेवरून मालाड स्थानक; बेस्टची २७१ क्रमांकाची बस याच वाटेने जाते. दुसरी खाडीची : मढ जेट्टीवरून फेरीबोटीने काही मिनिटांत वर्सोवा, तिथून रिक्षाने मेट्रो स्थानक आणि २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने अंधेरी किंवा थेट घाटकोपर. प्रस्तुत लेखकाचे काम नौकामालकांच्या आणि लहान व्यापाऱ्यांच्या हिशेबांचे. जीएसटीची विवरणपत्रे, डिझेल परताव्याची कागदपत्रे, बर्फाची आणि जाळ्यांची बिले हे सारे त्याच्या लॅपटॉपमध्ये असते. त्यासाठी कधी भाऊच्या धक्क्यावर, कधी अंधेरीच्या कार्यालयांत, कधी रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला जावे लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौकामालक घरी सापडतात ते याच दिवसांत, त्यामुळे हिशेबांचे काम आणि फिरती ऐन पावसात वाढते.

या वाटेवर वजनाचा अर्थ बदलतो. ओहोटीला धक्क्याच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, बोटीत प्रवाशांबरोबर दुचाकीही चढतात. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमध्येच जातो. तिथे तो एकटा नसतो. चार्जर, माऊस, फायली, पाण्याची बाटली, डबा आणि छत्री यांची त्यात भर पडते. म्हणून वजन करायचे ते भरलेल्या सॅकचे. जुन्या धाटणीचा ६५ वॅटचा चार्जर वायरीसकट पाव किलोच्या पुढे जातो. गॅलियम नायट्राइड तंत्राचा, तेवढ्याच क्षमतेचा चार्जर जवळजवळ निम्म्या वजनात मिळतो. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर तोच चार्जर फोनलाही चालतो. पंधराशे ग्रॅमऐवजी बाराशे ग्रॅमचे यंत्र घेण्यासाठी बरेच पैसे मोजावे लागतात. तेवढाच फरक कधी कधी चार्जर बदलून आणि सॅक आवरून साधतो.

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजतात. हलक्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा ५० ते ६० वॅट-तास असते. हिशेबाच्या साध्या कामाला यंत्र सरासरी ७ वॅट वीज घेत असेल, तर ५५ वॅट-तासांची बॅटरी आठ तासांच्या आसपास पुरते. पडदा पूर्ण उजळ ठेवला किंवा व्हिडिओवर बैठक असली की हे गणित आक्रसते. काही वर्षांच्या वापराने क्षमताही घटते, म्हणून नव्या यंत्रात गरजेपेक्षा दोन-तीन तास जास्तीचे असावेत. घरी सतत वायर लावून काम करणाऱ्याने चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय वापरावी. बॅटरीचे आयुष्य वाढते. विमानप्रवासात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते आणि सारे हलके लॅपटॉप या मर्यादेत बसतात. पॉवरबँक मात्र हातातल्या सामानातच ठेवावी लागते. कोकण रेल्वेवर वेगळीच काळजी घ्यावी लागते. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात आणि त्याच्या आगेमागे नेटवर्क जाते-येते, तेव्हा हिशेबाच्या फायली यंत्रातच उतरवून घेतलेल्या असाव्यात.

मढमध्ये यंत्राचा खरा वैरी हवा आहे. किनाऱ्यालगतच्या घरांत खिडकीचे गज, गॅसची शेगडी आणि कुलपे लवकर गंजतात. तीच खारी, दमट हवा पंखा लॅपटॉपच्या पोटात ओढून घेतो. बिनपंख्याचे यंत्र या बाबतीत सरस ठरते, फक्त जड काम बराच वेळ चालले की त्याचा वेग कमी होतो. बाह्यावरण कशाचे आहे हेही पाहावे. मॅग्नेशियमचे मिश्रधातू वजनाला हलके, पण वरचा थर खरवडला गेला की खाऱ्या हवेत लवकर गंजतात. कार्बन फायबर गंजत नाही. ‘लष्करी मानकानुसार चाचणी’ असे जाहिरातीत लिहिलेले असते ते एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी मानक. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे उत्पादक ठरवतो. खाऱ्या धुक्याची चाचणी त्यात ५०९ क्रमांकाची आहे; ती केली आहे का, हे यादीत शोधावे. पाणी सांडले तरी टिकणारा कीबोर्ड उपयोगी खरा, मात्र समुद्राच्या पाण्याचा शिंतोडा उडाल्यास यंत्र लगेच बंद करून दुरुस्तीला न्यावे.

थंडगार कार्यालयातून किंवा मेट्रोतून उतरून थेट जेट्टीवर लॅपटॉप उघडला, तर गार धातूवर दव धरते. बाहेरच्या उष्णतेशी जुळेपर्यंत तो सॅकमध्येच राहू द्यावा. सॅकमध्ये जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे हा पावसाळ्यातला स्वस्त विमा आहे.

त्यानंतर खाचांचा विचार. अतिपातळ यंत्रांना बहुधा फक्त यूएसबी-सीच्या खाचा असतात. विवरणपत्रांवर डिजिटल सही करण्याचे डीएससी टोकन मात्र सहसा जुन्या, चौकोनी यूएसबीचे असते. टोकनासाठी वेगळा जोड बाळगला की तो ऐन मुदतीच्या दिवशी सापडत नाही. म्हणून जुनी यूएसबी आणि एचडीएमआय दोन्ही असलेले यंत्र थोडे जाड असले तरी हिशेबनिसाला सोयीचे. टॅलीसारखी सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत, हाही मुद्दा निवडीत निर्णायक ठरला. पडदा चकचकीत नसावा. जेट्टीच्या उजेडात काम करायचे तर उजळपणा ४०० निट्सच्या आसपास हवा. १६:१० प्रमाणाच्या पडद्यावर खातेवहीच्या चार ओळी जास्त दिसतात. मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीच असतो, तेव्हा कळांचा स्पर्श दुकानात मराठीच मजकूर टाइप करून पाहावा.

प्रोसेसरवर फार अडून बसण्याचे कारण नाही. आजचा मध्यम प्रतीचा प्रोसेसर हिशेबाला भरपूर आहे. रॅमचे तसे नाही. अनेक हलक्या यंत्रांत ती बोर्डावरच जडवलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही, म्हणून सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी. एसएसडी बहुतेक यंत्रांत बदलता येते. वॉरंटी घेताना ‘घरी येऊन दुरुस्ती’ ही सेवा आपल्या पिनकोडला खरोखर मिळते का, हे लेखी विचारावे. खाडीपलीकडच्या माणसाला दुरुस्ती केंद्राची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला दिवस.

व्यवसायासाठी खरेदी करताना बिल जीएसटी क्रमांकासह घ्यावे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला नियमांनुसार त्याची वजावट मिळते. आयकरात संगणकावर ४० टक्के दराने घसारा धरता येतो. नव्याचे बजेट नसेल तर मोठ्या कंपन्यांनी वापरून परत केलेले बिझनेस लॅपटॉप नीट तपासून घ्यावेत. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी व्यवसायाच्या कामाला घेऊ नये.

प्रस्तुत लेखकाने अखेर घेतले ते सव्वा किलोच्या पुढचे, जुनी यूएसबी आणि एचडीएमआय असलेले, चकाकी नसलेल्या पडद्याचे १४ इंची यंत्र. बाजारात त्याहून हलकी आणि देखणी यंत्रे होती. या यंत्राने मात्र मढची हवा, खाडीची बोट आणि विवरणपत्राची मुदत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळल्या. ज्यांच्या पोटापाण्याचे हिशेब त्यात आहेत, त्या माणसांसाठी एवढी चिकित्सा करणे आवश्यकच होते.