दांड्याची फुलं

आंबवडे, सोमवार

आज नागेश्वराला बेल, धोतरा, कण्हेर वाहिली. देवाच्या परडीत दांड्याला काही भाव नाही. फूल ताजं हवं, एवढंच. फुलदाणीत मात्र फुलाची निम्मी पत दांड्यावर. भोरहून आणलेली फुलं संध्याकाळी लावताना हे मनात घोळत होतं.

निशिगंध खालून वर उमलत जातो, म्हणून खालची एक-दोन फुलं उघडली की दांडा काढतात. रोज वरची कळी फुलते, खालची सुकलेली खुडून टाकायची. एकेरी जात हारासाठी, वासालाही तीच सरस, दुहेरी फुलदाणीसाठी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ एकेरी, बेंगळुरूची ‘सुवासिनी’ दुहेरी.

ग्लॅडिओलसची तऱ्हा वेगळी. आडवा ठेवला की शेंडा वर वळतो आणि दांडा कायमचा वाकडा होतो. त्याला उभाच ठेवावा लागतो. जरबेरा तर रोपावरून कापत नाहीत, बुडाशी धरून बाजूला झुकवत उपटतात. त्याचा लवदार दांडा खोल पाण्यात कुजतो. दोन-तीन बोटं पाणी पुरे. गुलाब मात्र तहानलेला, आणि तो कळीतच काढलेला बरा.

दांड्याची टोकं तिरपी कापली, पाण्यात बुडणारी पानं काढली. पानं सडली की पाणी नासतं आणि दांड्याच्या नळ्या तुंबतात. मग वर पाणी चढत नाही नि भरल्या फुलदाणीत फूल मान टाकतं. सजावटीचं कौतुक रंगांना मिळतं. खरी मेहनत पाणी रोज बदलण्यात आहे.